दिवसाचा परवलीचा शब्द

रात्रीच्या पहाऱ्यावर उभ्या असलेल्या शिपायाला परवलीचा एक शब्द दिलेला असतो. हा शब्द लहान असतो, त्यांत कांहीं गूढ अर्थहि नसतो. तथापि काळोखांत समोर आलेला मनुष्य आपला कीं परका, हें त्या एका शब्दावरून ओळखतां येतें. त्याचा आणखी एक गुण असा कीं, तो रोज बदलतो. कालचा शब्द कितीहि पाठ असला, तरी आजच्या पहाऱ्याला तो उपयोगी पडत नाहीं. पवित्र शास्त्रांतील एक वचन रोज सकाळीं घ्यावें, दिवसभर तें मनांत वागवावें आणि त्या दिवसाचें वर्तन त्याच्या कसोटीला लावून पहावें, अशी जी चाल ख्रिस्ती धर्मांत आहे, तिचें एक प्रसिद्ध रूप जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतांतील हेर्नहूट या लहानशा गांवीं जन्मास आलें. त्या गांवच्या लोकांनीं या रोजच्या वचनाला जें नांव दिलें, त्याचा अर्थच मुळीं परवलीचा शब्द असा आहे. जर्मन भाषेंत त्याला लोझुंग म्हणतात.

महाराष्ट्रांतील घरांना नित्यपाठ ही कल्पना नवी नाहीं. हरिपाठाचे अभंग, ज्ञानेश्वरीच्या कांहीं ओव्या, श्रावणांतील पोथी, सप्ताहांतील पारायण, यांच्याशीं लहानथोरांचा परिचय असतो. पारायणांत ग्रंथ आरंभापासून अखेरपर्यंत क्रमानें वाचला जातो व तो पूर्ण होण्याला महत्त्व असतें. हेर्नहूटच्या चालींत मात्र ग्रंथांतील एकच वाक्य घेतलें जातें आणि पूर्ण करावयाचा असतो तो दिवस. येथें एक प्रश्न सहज उभा राहतो. सकाळीं वाचलेल्या एका वाक्यानें माणसाचें दिवसभराचें वागणें खरोखर बदलतें काय? कीं तें वाक्य देवघरांतील समईप्रमाणें आपल्या जागीं तेवत राहतें, आणि मनुष्य बाजारांत, कचेरींत व स्वयंपाकघरांत पूर्वींप्रमाणेंच वागतो? या चालीच्या जवळजवळ तीनशें वर्षांच्या इतिहासांत या प्रश्नाचीं दोन्ही उत्तरें सांपडतात, आणि म्हणूनच तो इतिहास जाणून घेण्यासारखा आहे.

बोहेमियांतील धर्मसुधारक यान हुस याला १४१५ सालीं कॉन्स्टान्स येथें जिवंत जाळण्यांत आलें. त्याच्या विचारांचा वारसा सांगणाऱ्या कांहीं लोकांनीं १४५७ सालीं आपली एक बंधुमंडळी स्थापन केली. पुढें धर्मच्छळामुळें ही मंडळी जवळजवळ नाहींशी झाली. तिची स्मृति कांहीं घरांतून, चोरून ठेवलेल्या पुस्तकांतून व गुप्तपणें केलेल्या प्रार्थनांतून मात्र टिकून राहिली. मोराविया प्रांतांतील अशीं कांहीं कुटुंबें १७२२ सालीं सरहद्द ओलांडून सॅक्सनींत आलीं. तेथील एक तरुण सरदार काउंट झिंझेंडॉर्फ यानें त्यांना आपल्या जहागिरींत आश्रय दिला. ख्रिस्तियान डेव्हिड नांवाच्या सुतारानें त्या वर्षाच्या जून महिन्यांत वसाहतीसाठीं पहिलें झाड तोडलें. जवळच्या टेकडीचें नांव पहाऱ्याची टेकडी अशा अर्थाचें होतें. त्यावरून वसाहतीला हेर्नहूट, म्हणजे प्रभूचा पहारा, हें नांव मिळालें.

एका श्रद्धेसाठीं घरदार सोडून आलेलीं माणसें एकत्र आलीं म्हणजे त्यांच्यांत ऐक्य आपोआप नांदेल, असें वाटणें साहजिक आहे. घडलें मात्र उलटें. निरनिराळ्या पंथांचे लोक तेथें येऊन राहिले आणि पांच वर्षांच्या आंतच उपासनेची पद्धति, मंडळीची शिस्त, सरदाराचा अधिकार अशा विषयांवर कडाक्याचे वाद सुरू झाले. शेजारी शेजाऱ्याशीं बोलेनासा झाला. तेव्हां झिंझेंडॉर्फनें आपलें लक्ष या वसाहतीकडे वळविलें, घरोघर जाऊन लोकांची समजूत घातली, आणि १७२७ च्या मे महिन्यांत सर्वांनीं एकत्र राहण्याचे नियम मान्य केले. त्याच वर्षीं १३ ऑगस्ट रोजीं शेजारच्या बेर्टेल्सडॉर्फ गांवच्या देवळांत सर्वांनीं मिळून प्रभुभोजन घेतलें, व त्या दिवशीं त्यांच्यांतील वैर मिटलें असें ही मंडळी आजवर मानीत आली आहे. परंतु एका दिवसाच्या उत्कट भावनेवर गांवाचा संसार चालत नाहीं. समेट टिकवावयाचा, तर त्याला रोजचें खाद्य लागतें.

तें खाद्य पुढील वर्षीं मिळालें. ३ मे १७२८ रोजीं सायंकाळच्या गायनोपासनेच्या वेळीं झिंझेंडॉर्फनें जमलेल्या लोकांना दुसऱ्या दिवसासाठीं एक लहानसें वचन दिलें. तेव्हांपासून तसा परिपाठच पडला. सकाळीं मंडळींतील कोणीतरी बंधु तें वचन घेऊन घरोघर जाई. त्या वेळीं गांवांत बत्तीस घरें होतीं. वचन सांगावयाला गेलेला मनुष्य दारांतूनच परत फिरत नसे. घरांत आजारी कोण आहे, कोणाला कशाची अडचण आहे, कोणाचें मन कशानें खिन्न आहे, याचीहि तो विचारपूस करी. या चालीचें मर्म येथेंच आहे. वचन आणि शेजाऱ्याची विचारपूस हीं एकाच पावलांनीं एका दारांतून आंत येत असत. देवाचा शब्द ऐकावयाचा आणि शेजाऱ्याच्या घरांत चूल पेटली आहे कीं नाहीं तें पहावयाचें नाहीं, अशी फारकत तेथें शक्यच नव्हती.

१७३१ सालासाठीं वर्षभराचीं वचनें प्रथमच पुस्तकरूपानें छापण्यांत आलीं, आणि तेव्हांपासून या पुस्तकाचा दरवर्षींचा क्रम खंडित झालेला नाहीं. १९४५ च्या मे महिन्यांत, महायुद्धाच्या अखेरच्या दिवसांत, हेर्नहूट गांवचा मध्यभाग व तेथील उपासनामंदिर जळून गेलें. पण वचनांचें पुस्तक निघत राहिलें. आज तें पन्नासांहून अधिक भाषांत निघतें. २०२४ सालीं मोरावियन मंडळीच्या इतर देशांतील कांहीं जुन्या वसाहतींबरोबर हेर्नहूट गांवालाहि युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत स्थान मिळालें.

हीं वचनें निवडण्याची रीत मोठी लक्षांत घेण्यासारखी आहे. जुन्या करारांतून निवडलेल्या सुमारें अठराशें वचनांच्या चिठ्ठ्या केलेल्या असतात. हेर्नहूट येथें वर्षांतून एकदां, प्रत्यक्ष वापराच्या सुमारें तीन वर्षें आधीं, त्यांतून प्रत्येक दिवसासाठीं एकेक चिठ्ठी काढली जाते. हें झालें दिवसाचें मुख्य वचन. त्यानंतर त्या वचनाशीं मिळतेंजुळतें किंवा त्याचा अर्थ उलगडणारें दुसरें वचन नव्या करारांतून शोधण्यांत येतें. हें काम चिठ्ठीनें होत नाहीं, विचारपूर्वक केलें जातें. या दोहोंना जोडून एखादें गीताचें कडवें किंवा प्रार्थना दिलेली असते. अशा रीतीनें पहिला शब्द माणसाच्या इच्छेबाहेरचा असतो, दुसरा माणसाच्या अभ्यासाचा असतो, आणि तिसरा माणसाच्या हृदयाचें उत्तर असतो.

पहिला शब्द चिठ्ठीवर कां सोडावा, असें कोणीहि विचारील. याचें उत्तर माणसाच्या स्वभावांत आहे. वाचन स्वतःच्या हातीं ठेवलें, कीं मनुष्य आपल्या आवडीचींच पानें उघडतो. दुःखी मनुष्य सांत्वनाकडे वळतो, रागावलेला मनुष्य दुष्टांच्या शासनाकडे वळतो, आणि धनिक मनुष्य श्रीमंतांना दिलेल्या इशाऱ्यांचीं पानें न कळत उलटून जातो. चिठ्ठीला वाचकाची आवडनिवड ठाऊक नसते. जें वचन त्यानें होऊन कधींच काढलें नसतें, तेंच ती त्याच्या पुढ्यांत ठेवते.

परंतु येथें एक मोठा धोकाहि आहे. कोंकणांत व गोव्यांत देवाला कौल लावण्याची चाल आहे. मूर्तीला लावलेलें फूल किंवा कळी उजवीकडे पडली कीं डावीकडे, यावरून कार्याचा निर्णय घेतला जातो. आजचें वचन हा आपल्या अडचणीवर लागलेला कौलच आहे, असें भाविक वाचकाला वाटूं लागणें अगदीं स्वाभाविक आहे. मोरावियन मंडळींतहि हा मोह होता. अठराव्या शतकांत नेमणुका, प्रवास, इतकेंच नव्हे तर विवाहसुद्धां चिठ्ठी टाकून ठरविले जात. सर्वसाधारण सभासदांच्या विवाहांसाठीं असलेली ही सक्ति १८१८ च्या धर्मसभेनें काढून टाकली. रोजच्या वचनाची चिठ्ठी मात्र राहिली, कारण तिचा हेतु निराळा आहे. तीन वर्षांपूर्वीं काढलेलें तेंच वचन त्याच दिवशीं लक्षावधि घरांत वाचलें जातें. एका घरांत लग्न असतें, दुसऱ्या घरांत प्रेत असतें, तिसऱ्या घरांत दूध उतूं गेलें म्हणून कुरबुर चाललेली असते. तें एखाद्याच्या कानांत सांगितलेलें भविष्य असूंच शकत नाहीं. कौल माणसाला विचार करण्याच्या श्रमांतून सोडवितो. वचन त्याला त्या श्रमाला जुंपतें.

हा श्रम कसा करावयाचा, याची परंपरा हेर्नहूटहून पुष्कळ जुनी आहे. बाराव्या शतकांतील गीगो नांवाच्या एका कार्थूशियन मठाधिपतीनें तिच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: वाचन, मनन, प्रार्थना आणि निदिध्यास. वाचन म्हणजे घास तोंडांत घेणें, मनन म्हणजे तो चावणें, प्रार्थनेनें त्याची रुचि कळते व निदिध्यासानें तो अंगीं लागतो, असा या पायऱ्यांचा साधारण आशय आहे. संसारी माणसाला हें सोप्या रीतीनें करतां येतें. वचन सावकाश व मोठ्यानें वाचावें. तें ग्रंथांत कोठें आलें आहे, कोणी कोणास उद्देशून बोललेलें आहे, हें पहावें. कारण संदर्भापासून तोडलेलें वाक्य वाटेल तिकडे वळवितां येतें. मग त्यांत देवाविषयीं काय म्हटलें आहे आणि माणसाकडून काय मागितलें आहे, हे दोन प्रश्न विचारावेत. शेवटीं तें वचन वाचतांना आज कोणाचा चेहरा डोळ्यांपुढें आला, याकडे लक्ष द्यावें. पुष्कळदा तो चेहरा थकलेल्या मोलकरणीचा, अबोला धरलेल्या भावाचा किंवा पगार थकलेल्या कारकुनाचा असतो. दिवसाचें काम तेथें ठरतें. रात्रीं निजण्यापूर्वीं तेंच वचन पुन्हा वाचलें, म्हणजे सकाळीं ठरविलेलें काम झालें कीं नाहीं याचा जमाखर्च आपोआप पुढें येतो.

इतकें असूनहि केवळ वाचनानें मनुष्य न्यायी होतोच, असें इतिहास म्हणूं देत नाहीं. १७३२ सालीं हेर्नहूटहून लेओनहार्ड डोबर व डेव्हिड निट्शमान हे दोघे वेस्ट इंडीजमधील सेंट थॉमस या डॅनिश बेटावर गुलामांत धर्मोपदेश करावयास गेले. गोऱ्या मळेवाल्यांनीं ज्यांना माणसांतहि गणलें नव्हतें, त्यांच्या झोंपड्यांत बसून त्यांच्याशीं बंधुभावानें बोलणें, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती. परंतु पुढें सहा वर्षांनीं, १७३८ सालीं, त्याच मिशननें तेथें एक मळा विकत घेतला आणि त्यावर राबणारे गुलामहि त्याबरोबर घेतले. सकाळीं परवलीचा शब्द वाचणारे हे लोक दिवसा गुलामांचे धनी होते. डॅनिश बेटांवरील गुलामगिरी १८४८ सालीं संपली, तोंवर शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं होतीं. त्या काळांत हजारों वचनें वाचलीं गेलीं, त्यांत मिसरांतील दास्यांतून सुटलेल्या इस्राएलाचीं वचनेंहि निःसंशय आलीं असतील; पण जें सर्वांच्या संवयीचें झालेलें असतें, त्यावर वचनाचा प्रकाश पाडावयाचें वाचकाला सुचत नाहीं. आत्मा सुधारावयाचा आणि समाजाची घडी जशीच्या तशी ठेवावयाची, अशी वांटणी त्यानें मनांत आधींच करून ठेवलेली असते.

याच चालीचें दुसरें उत्तर विसाव्या शतकांत डीट्रिख बोनहोफर या जर्मन धर्मशास्त्रज्ञाच्या चरित्रांत दिसतें. हिटलरच्या राजवटीला शरण न जाणाऱ्या मंडळीनें १९३५ सालीं तरुण धर्मोपदेशकांसाठीं एक विद्यालय काढलें. तें लवकरच फिंकनवाल्डे येथें नेण्यांत आलें. बोनहोफर त्याचा प्रमुख होता. शास्त्रांतील एका लहान उताऱ्यावर रोज सकाळीं अर्धा तास निःशब्द मनन करावयाचें आणि आठवडाभर तोच उतारा घ्यावयाचा, असा त्यानें नियम घातला. विद्यार्थ्यांना हा नियम आरंभीं जाचक वाटला. या अर्ध्या तासांत करावयाचें तरी काय, हेंच पुष्कळांना कळेना. कोणाला झोंप येई, कोणाचें मन भटके. बोनहोफरनें नियम सोडला नाहीं. १९३७ सालीं गुप्त पोलिसांनीं विद्यालय बंद केलें. तेथील अनुभवावर त्यानें लिहिलेलें एकत्र जीवनाविषयींचें पुस्तक १९३९ सालीं प्रसिद्ध झालें.

या मननाचा परिणाम कोठें दिसला, तें पाहण्यासारखें आहे. १९३८ च्या नोव्हेंबर महिन्यांत जर्मनीभर यहुद्यांचीं सभास्थानें जाळण्यांत आलीं. बोनहोफरच्या बायबलमध्यें ७४ व्या स्तोत्रांत, शत्रूंनीं देवाचीं सभास्थानें जाळल्याचा जेथें उल्लेख आहे तेथें, समासांत ९ नोव्हेंबर १९३८ ही तारीख त्याच्या हातची लिहिलेली आढळते. त्या वेळीं असंख्य ख्रिस्ती लोक तेंच स्तोत्र वाचीत होते. पण तें फार जुन्या काळच्या कोणा दुसऱ्याचें दुःख होतें. समासांतील एका तारखेनें तें दुःख शेजारच्या रस्त्यावर आणून ठेवलें. सेंट थॉमसच्या मळ्यावर नेमकी हीच तारीख लिहावयाची राहून गेली होती.

१९३९ च्या जून महिन्यांत मित्रांच्या आग्रहावरून बोनहोफर अमेरिकेस गेला. तेथें सुरक्षितता होती, काम होतें, मान होता. तरीहि युद्धाच्या संकटांत देशबांधवांबरोबर राहिलें पाहिजे असें त्याला वाटूं लागलें, आणि २० जूनला त्यानें परत जाण्याचा आपला निर्णय कळविला. त्यानंतर सहा दिवसांनीं, हिवाळ्यापूर्वीं येऊन पोंचण्याविषयीं पौलानें तीमथ्याला केलेली विनंती त्याच्या वाचनांत आली. दिवसभर ते शब्द आपली पाठ सोडीत नाहींत, असें त्यानें आपल्या रोजनिशींत नमूद केलें. येथें क्रम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. निर्णय आधीं झाला होता; विचारानें, वेदनेनें व विवेकानें झाला होता. वचनानें त्याला निर्णय पुरविला नाहीं, घेतलेल्या निर्णयावर उभें राहण्याचें बळ पुरविलें. जुलैच्या आरंभीं तो परत निघाला.

५ एप्रिल १९४३ रोजीं त्याला अटक झाली. तुरुंगांतहि हेर्नहूटचीं वचनें त्याच्या सोबतीला होतीं. २० जुलै १९४४ रोजीं हिटलरच्या वधाचा कट फसला, आणि आपलें भवितव्य काय हें बोनहोफरला कळून चुकलें. दुसऱ्याच दिवशीं मित्राला लिहिलेल्या पत्रांत त्यानें त्या दोन दिवसांच्या वचनांचा मोठ्या समाधानानें उल्लेख केला आहे. ८ एप्रिल १९४५ हा रविवार होता. इतर कैद्यांच्या विनंतीवरून त्यानें एका शाळेच्या इमारतींत उपासना चालविली आणि त्या दिवसाच्या दोन वचनांवर विवरण केलें. एक यशयाच्या ग्रंथांतील दुःखी सेवकाविषयींचें होतें, दुसरें पेत्राच्या पत्रांतील जिवंत आशेविषयींचें. उपासना संपते न संपते तोंच शिपाई त्याला न्यावयास आले. दुसऱ्या दिवशीं पहाटे फ्लोसेनबुर्गच्या छळछावणींत त्याला फांशी देण्यांत आलें.

हेर्नहूटच्या या लहान गांवाचा धागा मराठी भाषेपर्यंतहि येऊन पोंचतो. विल्यम केरी यानें मिशनकार्याच्या समर्थनार्थ १७९२ सालीं जी पुस्तिका लिहिली, तींत मोरावियन बंधूंच्या कार्याचा दाखला दिलेला आहे. याच केरीच्या श्रीरामपूर येथील छापखान्यांतून १८११ सालीं मराठी नवा करार बाहेर पडला. वचन रोज वाचावयाचें, तर तें आधीं घरच्या भाषेंत असावें लागतें. १८९३ सालीं राजनांदगांवकडे जातांना रेवरंड नारायण वामन टिळक यांना आगगाडींतील एका सहप्रवाशानें नव्या कराराची प्रत दिली. ते वाचीत वाचीत मत्तयाच्या शुभवर्तमानांतील डोंगरावरील प्रवचनापाशीं आले व तेथेंच खिळून राहिले. दोन वर्षांनीं, फेब्रुवारी १८९५ मध्यें, त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पंडिता रमाबाई यांनीं तर याच कामासाठीं उतारवयांत हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. प्रचलित मराठी भाषांतर साध्या बायकांना समजत नाहीं, असें पाहून त्यांनीं संपूर्ण बायबलचें सोपें भाषांतर हातीं घेतलें आणि १९२२ सालीं मृत्यूपूर्वीं तें पुरें केलें. केडगांवच्या मुक्तिसदनांतील स्त्रियांनीं त्याचे खिळे जुळविले. ज्यांना एके काळीं अक्षरओळख करून घेण्याचीहि मुभा नव्हती, त्यांच्याच हातून रोजच्या वाचनाचें पुस्तक तयार झालें.

मिळूनमिसळून पाहतां असें दिसतें कीं, रोजच्या वचनाचें सामर्थ्य त्याच्या संख्येंत किंवा नियमितपणांतच नाहीं. नियमितपणा हवाच, त्यावांचून योग्य वेळीं योग्य शब्द हाताशीं येत नाहीं. परंतु हेर्नहूटच्या त्या पहिल्या सकाळीं वचन सांगणारा मनुष्य घरांत डोकावून पाही, हा अर्धा भाग गळून पडला म्हणजे उरलेली चाल कितीहि वर्षें चालली तरी निर्जीव होते. ज्या घरांत हा नेम पाळला जातो, तेथें एक साधी कसोटी लावतां येईल. गेल्या आठवड्यांतील वचनें आठवतात कीं नाहीं, हा प्रश्न दुय्यम आहे. त्या आठवड्यांत कोणाची क्षमा मागितली गेली, कोणाचें देणें वेळेवर दिलें गेलें, कोणत्या अन्यायापुढें तोंड उघडलें गेलें, हा खरा प्रश्न आहे. पहारेकऱ्याला परवलीचा शब्द दिला जातो तो पाठांतरासाठीं नव्हे. अंधारांतून कोणी समोर आलें, म्हणजे त्याच्याशीं कसें वागावयाचें हें ठरवितां यावें, यासाठीं तो असतो.